पाळायला का कापायला?

माणसाला नीती शिकायची असेल तर त्यानं काशीला जावं, असं पूर्वी म्हणत. काशी लांब पडत असेल तर कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसावं. त्या वर्गात बसायला जागा नेहमीच भरपूर असते. पण ज्याला यातलं काहीच जमण्यासारखं नाही, त्यानं जवळच्या आठवडी बाजारात जावं. भाजी, चपला, लोखंडी घमेली आणि तयार कपडे यांच्या ओळी ओलांडून पुढं जावं. रस्ता विचारायची गरज नाही. नाक घेऊन जातं. नाक जिथं ‘आता पुरे’ म्हणेल तिथं थांबावं. तिथं कोंबड्या असतात, त्यांच्यापलीकडं शेळ्या-बोकड असतात आणि मधल्या चिंचोळ्या जागेत ससे, कबुतरं, पांढरे उंदीर असा किरकोळ जीव असतो. नीतिशास्त्रातले सगळे अवघड प्रश्न इथं पायाला सुतळी बांधून ठेवलेले असतात.

कुणी म्हणेल, बाजार म्हटला की लबाडी आलीच. त्यात कोंबड्यांचं काय विशेष? विशेष आहे. माझ्या मते बाजारात येणाऱ्या मालाचे दोनच प्रकार. एक, आपल्याकडं न बघणारा आणि दुसरा, आपल्याकडं बघणारा. वांगं आपल्याकडं बघत नाही. किडकं वांगं गळ्यात मारलं तर ते भांडण घेणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं. वांग्याचं त्यावर काही म्हणणं नसतं. साडीवाला कधी ‘वहिनी, ही नेऊन तुम्ही काय करणार?’ असं विचारत नाही. विचारलं तर मार खाईल. पण कोंबडीचा सौदा चालतो तेव्हा कोंबडी तिथं जातीनं हजर असते. मान तिरकी करून एका डोळ्यानं विकणाऱ्याकडं बघते, मग मान फिरवून घेणाऱ्याकडं बघते. ज्याच्याबद्दल बोलणी चालली आहेत तोच समोर बसला असला की बोलणं जरा जड जातं. मुलीला चहाचा ट्रे घेऊन समोर बसवून ज्यांनी देण्याघेण्याच्या गोष्टी केल्या आहेत, त्यांना हे अनुभवानं ठाऊक असेल.

सरकारच्या लेखी मात्र कोंबडी म्हणजे जंगम मालमत्ता. 1930 च्या मालविक्रीच्या कायद्यात जी जी जंगम मालमत्ता तो तो माल, अशी सरसकट व्याख्या आहे. आणि कोंबडी जंगम आहे याबद्दल वादच नाही. सुतळी सुटली तर ही मालमत्ता तीन ओळी ओलांडून भजीवाल्याच्या पालात शिरते आणि अर्धा बाजार तिच्यामागं धावतो. पुढं 1960 साली प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून दुसरा कायदा झाला. जनावराला विनाकारण यातना होतील अशा रीतीनं किंवा अशा स्थितीत त्याची ने-आण करू नये, असं त्यात लिहिलेलं आहे. बाजारातून घरी निघालेल्या मोटारसायकलींची हँडलं पाहावीत. कायदा सुलटा आहे, कोंबड्या उलट्या आहेत.

आता ही ओळही सुधारली आहे बरं का. डालग्यावर क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला असतो. पैसे आले की मोबाईलमधली बाई खणखणीत आवाजात रक्कम जाहीर करते, आणि कोंबड्या दचकतात. बाकी सगळं होतं तसं आहे.

या ओळीत यायचं तर थोडी विद्वत्ता लागते. शेळी घ्यायची म्हणजे आधी तिचं तोंड उघडायचं. दुधाचेच दात असतील तर ती आदत. साधारण वर्ष-दीड वर्षाची झाली की पुढच्या पक्क्या दातांची पहिली जोडी येते. ती दोन दाती. मग सुमारे वर्षाला एक जोडी, अशा चार जोड्या झाल्या की तोंड जुळलं. शेळीला जन्मदाखला नसतो, तो तिच्या तोंडात असतो. एकदा एका शहरी गृहस्थांनी मोठ्या धिटाईनं शेळीचा वरचा ओठ उचलला आणि ओरडले, “अहो, हिचे वरचे दात पडलेत!” शेळीवाला शांतपणे म्हणाला, “सायेब, ते अजून कोन्याच शेळीला आल्यालं न्हाईत.” शेळीला वरचे पुढचे दात नसतातच. बाजारात विकणाऱ्याच्या लबाडीपेक्षा गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर जास्त धंदा चालतो, तो असा.

कोंबडीचं शास्त्र आणखी खोल. अजून अंड्यावर न आलेली ती तलंग. अंड्यावर असेल तर तुरा लालबुंद असतो आणि शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं बसतात. तिसरी ती खुडूक, म्हणजे 21 दिवस अंड्यांवर बसायचा निश्चय केलेली. खुडूक कोंबडी दिसायला गुबगुबीत, स्वभावानं गंभीर आणि अंड्याच्या बाबतीत पूर्ण संपावर. अशी कोंबडी पुढं धरून नवखं गिऱ्हाईक विचारतं, “अंडी देते ना?”

“कोंबडी हाय, सायेब. अंडी न्हाई देनार तर काय दूध देनार?”

या उत्तरात खोटं काय आहे? काही नाही. कोंबड्या अंडी देतात आणि दूध देत नाहीत, ही दोन्ही विधानं निर्विवाद आहेत. गिऱ्हाईक हसतं, पैसे देतं आणि खुडूक कोंबडी घेऊन जातं.

कबुतरांचा मामला याहून बारीक. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी कबुतरांची जोडी घेतली. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, “जात अशी हाय सायेब, की घर म्हनून इसरत न्हाई. दहा कोसावर सोडा, घरी येतंय.” गृहस्थांनी दोन दिवस जोडी खोक्यात ठेवली, तिसऱ्या दिवशी कौतुकानं गच्चीवर सोडली. जोडीनं वर एक गिरकी घेतली आणि ती गेली. पुढच्या बाजारी पाहतात तो जोडी त्याच माणसाच्या पिंजऱ्यात. हे तावातावानं बोलायला लागले, तेव्हा त्या माणसाचा चेहरा अभिमानानं फुलला. “बगा! म्या सांगितलं न्हवतं? घर इसरत न्हाई!”

त्यानं एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. घर कुणाचं, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

इथवर हसायला हरकत नाही. पुढं रंगीत पिल्लांची पाटी लागते, तिथं हसू जरा अडखळतं. गुलाबी, हिरवी, जांभळी अशी रंगात बुडवलेली पिल्लं पाटीभर चिवचिवत असतात आणि भोवती मुलांचा गराडा असतो. ही बहुतेक अंड्याच्या जातीची नर पिल्लं. अंडी देणार नाहीत आणि मांसही पुरेसं धरणार नाहीत, म्हणून उबवणी केंद्राला नकोशी झालेली. एखादा बाप विचारतो, “याला खायला काय घालायचं?” विकणारा म्हणतो, “दोन दिस काय बी न्हाई दिलं तरी चालतंय.” हेही खरं आहे. अंड्यातून बाहेर येताना पिल्लानं पोटात बलक घेतलेला असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस जगू शकतं. पण पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे 35 अंश सेल्सिअसची ऊब लागते, हे कुणी सांगत नाही. म्हणून पिल्लू विकत घेताना टुणटुणीत असतं, दुसऱ्या दिवशीही असतं आणि त्यानंतरच्या एखाद्या सकाळी पोरगं चपलांच्या खोक्यापाशी बसून ‘बाबा, हे उठत का नाही?’ असं विचारतं. विकणारा तोवर पुढच्या गावच्या बाजारात असतो.

तेव्हा प्रश्न असा, की विकणाऱ्यानं किती सांगावं? खोटं बोलू नये हे ठीक. पण न विचारलेलं खरंही सांगावं का?

हा प्रश्न फार मोठमोठ्या माणसांना पडलेला आहे. रोममध्ये सिसेरोनं ख्रिस्तपूर्व 44 साली आपल्या मुलाला कर्तव्याबद्दल लांबलचक पत्र लिहिलं. मुलगा अथेन्सला शिकायला होता. परगावी शिकणाऱ्या मुलांना बापाची कर्तव्याबद्दलची पत्रं तेव्हापासून येत आहेत. त्यात एका धान्यव्यापाऱ्याची गोष्ट आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला आणि हा अलेक्झांड्रियाहून धान्याचं गलबत घेऊन पोचतो. मागून आणखी गलबतं येत आहेत, हे त्यानं वाटेत पाहिलेलं आहे. तसं सांगितलं तर भाव पडेल, गप्प राहिला तर सोनं होईल. सांगावं की नाही? डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, कायद्यानं सांगायला लावलेले दोष सांग, खोटं बोलू नकोस, बाकी तुझा माल, तुझा भाव. हा डायोजिनीस बाबिलोनचा; पिंपात राहणारा तो वेगळा, त्याच्याकडं विकायला काही नव्हतं. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, छे, सगळं सांगितलं पाहिजे. आपण सगळी माणसं एकमेकांची आहोत. सिसेरोनं कौल शिष्याच्या बाजूनं दिला. पण सिसेरो धान्य विकत नव्हता, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. रोमच्या बाजारावरचे अधिकारी मात्र व्यवहारी होते. गुलाम आणि जनावरं विकणाऱ्यानं त्यांचे रोग आणि खोडी आधी जाहीर केल्याच पाहिजेत, असा त्यांचा हुकूमच होता. वांग्यांबद्दल त्यांनी असा हुकूम काढला नाही. बघणारा माल निराळा, हे त्यांनाही कळलं असावं.

आपला 1872 चा कराराचा कायदा याबाबतीत फार मजेदार आहे. त्याच्या 17 व्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितलं आहे, आणि खाली उदाहरणं दिली आहेत घोड्याची. समजा, एकानं दुसऱ्याला लिलावात घोडा विकला. घोड्यात खोड आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, पण तो काहीच बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. घेणाऱ्यानं डोळे उघडून घ्यावा. पुढचं उदाहरण असं, की घेणारी ही विकणाऱ्याचीच मुलगी आहे आणि नुकतीच सज्ञान झाली आहे. मग मात्र त्या नात्यामुळं घोड्याची खोड सांगणं हे बापाचं कर्तव्य ठरतं.

हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो. नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलीला घोडा विकणारा बाप कसा असेल, हा विचार त्यात होताच. पण मुख्य विचार असा, की कायद्यानं इथं न बोलता केवढी मोठी गोष्ट कबूल केली आहे! परक्याशी गप्प राहिलात तरी चालेल, आपल्या माणसाशी गप्प राहणं ही फसवणूक. म्हणजे प्रश्न घोड्याचा नाहीच. प्रश्न एवढाच, की समोरचा आपला कोण लागतो?

आणि इथं आपला आठवडी बाजार मोठ्या पेचात सापडतो. कारण या बाजारात परका कुणी नसतोच. सौदा सुरू होण्याआधी नातं लावलं जातं. कोंबडीवालीला आपण ‘मावशी’ म्हणतो, ती आपल्याला ‘लेका’ म्हणते. शेळीवाला ‘दाजी’ म्हणतो, आपण ‘मामा’ म्हणतो. आमच्या सौभाग्यवतींना तर दर मंगळवारी बाजारात पाच नवे भाऊ मिळतात. रोमन लोकांना एकमेकांना नावानं हाक मारून गंडवता येत होतं. आपण आधी मावशी म्हणतो आणि मग मावशीला गंडवायला बघतो, किंवा मावशी आपल्याला. ती हाक मनापासूनची असेल तर 1872 च्या कायद्याप्रमाणं आपल्या बाजारातला प्रत्येक सौदा मुलीला विकलेल्या घोड्याच्या जातीचा आहे; सगळं सांगायला हवं. मनापासूनची नसेल, तर बाजारातली पहिली खोटी गोष्ट कोंबडीबद्दल नव्हे, नात्याबद्दल बोलली जाते.

तरीसुद्धा मावशीसमोर उकिडवं बसून केलेला सौदा बरा, असं मला वाटतं. 2019 साली आपल्याकडं सांगली-कोल्हापूरच्या बाजूला काळ्या कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत हजारो शेतकरी अडकले. कडकनाथ ही मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची अस्सल जात. 2018 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. कोंबडीत काही खोट नव्हती. पिल्लं आम्हीच देऊ, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावानं परत घेऊ, असा वायदा होता. त्याआधी 2012 साली तमिळनाडूत इमूच्या बाबतीत असंच झालं होतं. माणसाएवढे उंच पक्षी अंगणात उभे आणि घेणारा गायब. या योजनांमध्ये रंगीत पत्रकं होती, आकडेमोड होती, सभागृहात चहा-बिस्किटं होती. एकच गोष्ट नव्हती. हा पक्षी शेवटी खाणार कोण, हे कुणी कुणाला विचारलं नाही. तुरा कुणी पाहिला नाही, हाडांत बोटं कुणी घातली नाहीत. जो तो पुढच्या माणसाच्या तोंडाकडं बघत होता आणि पक्ष्याकडं कुणीच बघत नव्हतं.

आता मी काशीला जाणार आहे. घाबरू नका, गोष्ट कोंबड्यांच्या ओळीतलीच आहे. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचा एक तपस्वी आहे. तो खांबासारखा असा निश्चल उभा राहिला, की पाखरांच्या जोडीनं त्याच्या जटांमध्ये घरटं केलं. अंडी घातली, पिल्लं झाली, मोठी होऊन उडून गेली, तरी हा हलला नाही. उबवणी केंद्र म्हणून हे काम खरोखर पहिल्या दर्जाचं होतं आणि जाजलीलाही तसंच वाटलं. आपल्यासारखा धर्मात्मा नाही, असं तो म्हणाला. तेव्हा आकाशवाणी झाली, की वाराणसीत तुलाधार म्हणून एक वाणी आहे, त्याची सर तुला नाही. जाजली चडफडत तिथं गेला. तुलाधार दुकानात तराजू घेऊन माल विकत बसलेला. त्यानं जाजलीला धर्म सांगितला. माझा तराजू सगळ्यांना सारखा, हे त्याच्या सांगण्याचं सार. पण बोलता बोलता तो जिवंत जनावरं विकणाऱ्यांवर घसरला. प्रत्येक जिवात देवता आहेत, बोकडात अग्नी आहे, मेंढ्यात वरुण आहे. जिवंतपणी ज्यांना विकायला काही वाटत नाही, त्यांनी मेलेल्यांचा विचार कशाला करावा, अशा अर्थाचं तो बोलतो.

तुलाधाराबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण त्याचा धंदा सुगंधी द्रव्यं, लाख, औषधी अशा मालाचा. त्याच्या तराजूत कुणी पंख फडफडवत नव्हतं. ज्या बाईच्या घरी तराजूत घालायला बारा कोंबड्यांखेरीज दुसरं काही नाही, तिनं धर्म कसा पाळावा, हे जाजलीनं विचारलं नाही आणि तुलाधारानं सांगितलं नाही. त्यासाठी पुन्हा आमच्या बाजारात यावं लागतं.

आमच्या बाजारात एक मावशी बसतात. वय साठीच्या पुढं, समोर एक डालगं, फार तर सात-आठ कोंबड्या. गावाकडं कोंबड्यांचा पैसा हा बाईचा पैसा असतो. नवऱ्याला त्याचा हिशेब द्यावा लागत नाही. कोंबडीला हात लावला की या मावशी भाव सांगत नाहीत. आधी विचारतात, “पाळायला का कापायला?”

पहिल्यांदा मला वाटलं, भाव ठरवायची युक्ती असेल. थोडा वेळ बाजूला उभा राहिलो. एक पोरगेला गिऱ्हाईक आला आणि त्यानं एका तांबड्या कोंबडीवर बोट ठेवलं. मावशींनी विचारलं. तो बिचारा सरळ म्हणाला, “कापायला. पाहुणे आल्यात.”

“मग ही नगं. ही अंड्यावर हाय. ती काळी घे, तिचं आता सरलंय. पन्नास कमी दे. शिजाया येळ लागंल, आधीच सांगते.”

मी थक्क झालो. तांबडीचे जास्त पैसे आले असते. काळी कडक आहे हे त्यानं विचारलंच नव्हतं. सिसेरोचा अँटिपेटर उकिडवा बसून कोंबड्या विकत होता!

हा प्रश्न फार हुशार आहे, हे मला हळूहळू उमगलं. विकणाऱ्यानं किती सांगावं, यावर रोमपासून इथवर ग्रंथ झाले. घेणाऱ्यानं किती सांगावं, यावर फारसं कुणी बोलत नाही. ‘नेऊन काय करणार?’ याचं उत्तर गिऱ्हाइकाच्या पोटात असतं, आणि या बाबतीत तर अगदी शब्दशः. ‘पाळायला’ म्हणून चांगली कोंबडी न्यायची आणि रात्री पातेल्यात घालायची, याला कायद्यात कलम नाही. मावशींच्या प्रश्नानं हे ओझं दोघांत वाटलं जातं. तुम्ही खरं सांगा, मी खरं सांगते. आणि हा सगळा संवाद त्या तिसरीच्या देखत होतो, जिला बोलता येत नाही.

बाजार जरा थंडावला तेव्हा मी धीर करून विचारलं, “मावशी, रोगाची साथ आली की काय करता हो?” हा प्रश्न साधा नव्हता. राणीखेतचा रोग गावात शिरला की खुराडीच्या खुराडी रिकामी होतात. लस असते, पण ती आधी टोचलेली असावी लागते. शेजारच्या घरची कोंबडी मान टाकताना दिसली, की उरलेल्या कोंबड्या मरायच्या आत बाजारात नेणं हा गरिबाचा विमा. ऱ्होड्सच्या व्यापाऱ्यानं मागून येणारी गलबतं पाहिली होती, हिनं मागून येणारं मरण पाहिलेलं असतं. तो गप्प राहिला तर लोकांना धान्य महाग पडलं असतं, एवढंच. ही गप्प राहिली तर दुसऱ्या कुणा बाईचं खुराडं बसेल, तिथून तिसरीचं. आणि बोलली तर हिच्या वर्षाच्या मीठ-मिरचीचं काय?

मावशींनी माझ्याकडं नीट पाहिलं. मी सरकारी माणूस नाही अशी खात्री करून घेतली असावी. मग म्हणाल्या, “इकल्यात की. न इकून काय करू? पर पाळनाऱ्याला न्हाई दिल्या कंदी. कापनाऱ्याला दिल्या. सांगून दिल्या. शेजारी साथ आलीया, आजच्या आज काप, घरात कोंबड्या असतील तर पिसं लांब पूर, म्हनलं. निम्म्या पैशात गेल्या.”

“आणि कुणीच कापायला घेतली नाही तर?”

“माघारी न्हेल्या,” मावशी म्हणाल्या. “आन् मेल्या.”

एवढं बोलून त्यांनी एका कोंबडीच्या पायाची सुतळी जरा सैल केली. डायोजिनीस आणि अँटिपेटर यांच्यामध्ये जी वाट दोन हजार वर्षांत कुणाला नीट सापडली नाही, ती या बाईला बारा कोंबड्यांच्या भांडवलावर सापडली होती. ती वाट फुकट नव्हती. निम्मे पैसे आणि कधी सगळ्या कोंबड्या, अशी तिची पट्टी होती, आणि ती मावशींनी भरली होती. पापपुण्याचा हिशेब यापेक्षा बारीक मला तरी करता येत नाही.

आमच्यासारख्यांची सोय मात्र फार चांगली आहे. आम्ही स्वच्छ दुकानात जातो. तिथं माल आपल्याकडं बघत नाही, कारण त्याला बघायला काही ठेवलेलंच नसतं. पांढऱ्या थाळीत, पारदर्शक कागदाखाली, वजन आणि तारीख लिहिलेली. तिथं कुणी ‘पाळायला का कापायला?’ असं विचारत नाही. प्रश्न आपल्या आधीच कुणीतरी, कुठंतरी सोडवून ठेवलेला असतो आणि त्याची फी किमतीत धरलेली असते. मग पिशवी हातात घेऊन आपण बाजारातल्या उलट्या कोंबड्या पाहतो आणि ‘काय ही माणसं!’ म्हणून हळहळतो. हळहळू नये असं मी म्हणत नाही. कोंबडी सुलटी न्यायला काही जास्त पैसे पडत नाहीत, टोपली तेवढी लागते. पण ज्यानं कधी त्या प्रश्नाचं उत्तर मावशीच्या तोंडावर दिलेलं नाही, त्यानं हळहळताना आवाज थोडा बेतानं ठेवावा.

आमचे शेजारी रावसाहेब त्या दिवशी माझ्याबरोबर होते. सारी नोकरी कचेरीत झाली. स्पष्ट ‘हो’ किंवा ‘नाही’ त्यांनी लेखी कधी दिलेलं नाही. त्यांना ती तांबडी कोंबडी मनापासून आवडली. त्यांनी तुरा पाहिला, वजन अजमावलं, पाकिटाला हात घातला. मावशींनी विचारलं, “पाळायला का कापायला?”

रावसाहेबांनी चष्मा नीट केला. “तसं अजून काही ठरलेलं नाही,” ते म्हणाले. “आधी घरी नेऊ. मग सर्व बाजूंनी विचार करून काय ते बघू.”

मावशींनी तांबडी डालग्यात परत टाकली आणि एक म्हातारी कोंबडी काढून त्यांच्या हातात दिली.

“बगू म्हंजे कापायलाच, दादा,” त्या म्हणाल्या. “ही न्या.”